बायकांचा हौद

गंधकाचा वास एकदा नाकात मुरला की कळेनासा होतो.
तिबिलिसीला आलेले पाहुणे विचारतात,
सडक्या अंड्यांचा का हो?
मी म्हणते, असेल.

बावीस वर्षं मी या घुमटाखाली पाठी घासते.
ऊन दगडावर बाई पालथी पडते
तोवर गळ्यातलं सगळं खुंटीवर गेलेलं असतं,
क्रूस, ताईत, दोरीचा चष्मा.
मग फक्त पाठ.
आणि मळ सगळ्यांचा करडाच निघतो, शेवयांसारखा.

मंगळवारी त्या तिघी येतात,
स्वस्तातल्या मोठ्या हौदावर.

नाझिब्रोला शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची.
देव नाही, हे दरवर्षी सातवीच्या वर्गाला
फळ्यावर सिद्ध करून दाखवायची.
पन्नाशीत, मुलगा दवाखान्यात असताना,
पहिल्यांदा चर्चमध्ये शिरली
आणि खूण आधी उजव्या खांद्यावर करायची की डाव्या, आठवेना.
हात हवेत तसाच.
"खडू धरल्यासारखा," ती सांगते,
"आणि समोर फळाच नाही."

अरुस्याक हसत नाही.
नवरा गेल्यापासून तिचं देवाशी बोलणं बंद आहे.
"पण घर सोडलेलं नाही हं," ती म्हणते.
वर्षातून एकदा पाद्र्याकडून मीठ मंतरून आणते,
कोकरू शिजवते, गल्लीत वाटते,
सगळं रीतीनं, तोंडातून शब्द न काढता.
"बघू, कोण आधी हाक मारतं."

झारे येझिदी.
तिच्याबद्दल विचारायला आम्हाला तीन हिवाळे लागले.
"आमच्यात बाहेरून कुणाला येता येत नाही," ती म्हणाली,
"आणि गेलेलीला परतता येत नाही."
तिची बेसे एका जॉर्जियन इलेक्ट्रिशियनबरोबर गेली.
झारे रोज पहाटे सूर्याकडे तोंड करून उभी राहते.
थंडीत सूर्य वारकेतिलीच्या इमारतींमागून वर येतो,
आणि बेसे तिथेच राहते, नवव्या मजल्यावर.
"मी सूर्यापुढेच उभी असते.
इमारत मध्ये येते, त्याला मी काय करू?"

पाणी पडत राहिलं.

मग नाझिब्रोला म्हणाली,
"तूही आमच्या पाण्यात उतर ना.
बाप्तिस्मा घे. लेक मिळेल."
चांगल्या मनानं म्हणाली, मी पाहत होते.
झारे उठली.
ओल्या अंगावरच कपडे चढवले,
साबण तिथेच राहिला.

अरुस्याकनं माझ्याकडे पाहिलं.
"तुकेझबान, तू का गप्प? तुमच्यात काय सांगतात?"
बावीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं.
मी म्हटलं, माझी नमाज फोनवरून शिकलेली,
चाळिशी उलटल्यावर, आवाज बारीक करून,
कारण भिंतीपलीकडे मुल्लाची बायको राहते
आणि मला तिचीच लाज वाटायची.
अजून दुसऱ्या रकातीत अडखळते.
मग मनात म्हणते, पुढचं तुला पाठ आहे.
एवढंच. लेकींबद्दल मला काही माहीत नाही.

पुढच्या मंगळवारी झारे आली नाही.
त्याच्या पुढच्याही नाही.
नाझिब्रोलाच्या पाठीचे स्नायू दगड झाले होते,
मी घासत राहिले, ती हूं की चूं नाही.

तिसऱ्या खेपेला आली, दूरच्या तोटीखाली बसली.
नाझिब्रोला घसरत घसरत तिच्यापर्यंत गेली.
माफी मागायची तिला सवय नाही,
शाळामास्तरणीला कुठून असणार.
"मान खाली कर," एवढंच म्हणाली,
आणि झारेच्या पिकल्या केसांवर पाणी ओतू लागली.

तेव्हा माझं लक्ष गेलं.
तिचं ते जुनं निळं घमेलं नव्हतं.
झारे निळं अंगाला लावत नाही, लहानपणापासून,
हे तिनं कधी सांगितलं होतं?
नवं होतं, लाल, बाजारातून सरळ आणलेलं,
किमतीचा कागद अजून बुडाला.
कढत पाण्यानं तो सुटला, वाहत आला
आणि माझ्या मनगटाला चिकटला.
चार लारी, ऐंशी तेत्री.
तो मी संध्याकाळपर्यंत काढला नाही.